सहा महिन्यांच्या वाइनचा भाव

एप्रिल लागला की फ्रान्सच्या नैर्ऋत्येला, बोर्दो शहरात, जगभरातून काही हजार माणसं गोळा होतात. व्यापारी, दुकानदार, पत्रकार, गुण देणारे समीक्षक. आठवडाभर ही मंडळी सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच उद्योग करतात. पेल्यात घोटभर वाइन घ्यायची, नाक खुपसून हुंगायची, तोंडात चांगली घोळवायची आणि थुंकून टाकायची. वहीत दोन ओळी खरडायच्या, पुढचा पेला उचलायचा. दिवसाकाठी साठ-सत्तर नमुने, जीभ दमदार असेल तर शंभर. संध्याकाळी हसले की सगळ्यांचे दात जांभळे.

ज्या वाइनसाठी हा खटाटोप चालतो, ती पिण्याजोगी नसतेच. आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडलेल्या द्राक्षांची ती जेमतेम सहा महिन्यांची वाइन, अजून ओकच्या पिंपात मुरत पडलेली. बाटलीत जायला तिला आणखी वर्ष-सव्वा वर्ष लागणार, आणि खऱ्या अर्थानं बहरायला दहा, वीस, कधी तीस वर्षं. तरीही त्या थुंकलेल्या घोटाच्या आधारावर पुढच्या दोन-अडीच महिन्यांत जगातल्या काही अतिमहाग वाइनचे सौदे उरकतात. पैसे आज रोख, माल दोन वर्षांनी.

या रीतीला फ्रेंच लोक 'आं प्रिमर' म्हणतात. सरकारी नियमानं नव्हे, सवयीनं चालत आलेली ही रीत आहे. गिऱ्हाइकानं माल न पाहता, न चाखता, आगाऊ सगळे पैसे मोजायचे आणि वर ‘मला घेऊ दिलंत’ म्हणून आभार मानायचे, असा व्यापार जगात फारसा नसेल. हे चालतं कसं आणि का चालतं, हे समजून घ्यायला लागलं की एकामागून एक दारं उघडत जातात. मागे इतिहास निघतो, त्याच्यामागे रसायनशास्त्र, त्याच्यामागे हवामान, आणि सगळ्यांच्या तळाशी सावकारी.

आधी भूगोल. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दोच्या खाली एकत्र येतात आणि जिरोंद नावाची रुंद खाडी होऊन अटलांटिकला मिळतात. डाव्या काठावरचा मेदोक हा पट्टा एकेकाळी दलदलीचा होता. सतराव्या शतकात डच लोकांनी तिथं चर खणून पाण्याचा निचरा केला, तेव्हा खालून गोट्यांचे आणि वाळूचे उंचवटे वर आले. पिकं घ्यायला ही जमीन निकस. पण काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षाला असंच हवं असतं. पाणी पायाशी थांबत नाही, मुळं खोल जातात, गोटे दिवसा तापतात आणि द्राक्ष सावकाश पिकतं. उजव्या काठावर, सेंत-एमिलियों आणि पोमरोलच्या बाजूला, चिकणमाती आणि चुनखडी जास्त. तिथं मर्लो या द्राक्षाचं राज्य.

बोर्दोतल्या द्राक्षमळ्याला आणि त्याच्या वाइनघराला 'शातो' म्हणायचं, मग तिथं राजवाडा असो की साधं कौलारू घर. कुठला शातो थोर हे ठरलं कसं, याची गोष्ट व्यापाऱ्यांच्या गावाला शोभणारी आहे. १८५५ साली पॅरिसमध्ये मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिसऱ्या नेपोलियनच्या काळातली गोष्ट. प्रदर्शनात मांडायला बोर्दोच्या वाइनची क्रमवारी हवी होती. शहरातल्या दलालांना सांगितलं, यादी करा. दलालांनी चाखण्याची कुठलीही समिती नेमली नाही. गेल्या कित्येक वर्षांत कुठली वाइन काय भावानं गेली, याच्या वह्या काढल्या आणि भावाप्रमाणे पाच पायऱ्यांवर नावं लिहून टाकली. १८ एप्रिल १८५५ ही त्या यादीची तारीख. सगळ्यांत वरच्या पायरीवर चार तांबड्या वाइन: लाफित, लातूर (मराठवाड्याशी हिचा काही संबंध नाही), मार्गो आणि ओ-ब्रियों.

त्याच्या अडुसष्ट वर्षं आधी, मे १७८७ मध्ये, थॉमस जेफरसन बोर्दोला येऊन गेले होते. तेव्हा ते पॅरिसमध्ये अमेरिकेचे राजदूत होते, राष्ट्राध्यक्षपद अजून दूर होतं. त्यांनी टिपणवहीत अव्वल म्हणून जे मळे लिहून ठेवले, ते हेच चार. मध्ये फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेली, मालकांची डोकी उडाली, मळे जप्त झाले, विकले गेले. क्रम तोच राहिला. आणि १८५५ नंतर आजपर्यंत वरच्या पायरीवर एकच भर पडली: १९७३ मध्ये मुतों-रोथशिल्ड. त्या आदेशावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक.

या शातोंच्या दारात तुम्ही थैलीभर पैसे घेऊन उभे राहिलात तरी आं प्रिमरचा माल तुम्हाला थेट मिळत नाही. शातो विकतो तो 'नेगोसियां'ला, म्हणजे बोर्दोच्या घाऊक व्यापाऱ्याला. असे सुमारे तीनशे व्यापारी आहेत. शातो आणि व्यापारी यांच्यामध्ये 'कुर्तिये' म्हणजे दलाल असतो. त्याची दलाली दोन टक्के. व्यापाऱ्याकडून माल लंडन, न्यूयॉर्क, हाँगकाँगच्या आयातदारांकडे आणि तिथून तुमच्याकडे. या सगळ्या साखळीला 'प्लास द बोर्दो' म्हणतात. ही बाजारपेठ खरी, पण तिला इमारत नाही, घंटा नाही, फलक नाही. एखाद्या सकाळी शातो भाव जाहीर करतो आणि व्यापाऱ्यानं काही तासांत हो की नाही ते सांगायचं. बऱ्याचदा पहिल्यांदा थोडाच माल सोडतात, बाजाराची नाडी बघतात, आणि पुढचा हप्ता चढ्या भावानं काढतात.

यात एक मेख आहे. प्रत्येक व्यापाऱ्याचा प्रत्येक शातोकडे ठरलेला वाटा असतो. यंदा पीक सुमार आहे म्हणून वाटा नाकारलात, तर पुढच्या सोन्यासारख्या वर्षी तो दुसऱ्याला गेलेला असू शकतो. त्यामुळे नकोसं वर्षही गपचूप उचललं जातं. म्हणजे चांगल्या वर्षाची किंमत व्यापारी वाईट वर्षांत मोजत असतो. तीच सक्ती लंडनचा आयातदार आपल्या परीनं खाली सरकवतो.

मुळात ही रीत आजच्यापेक्षाही धाडसी होती. कोकणात मोहोर धरलेली हापूसची बाग खंडानं देतात, तसा बोर्दोचा व्यापारी द्राक्षं वेलीवर असतानाच सौदा करत असे. कधी कधी तर सलग काही वर्षांच्या पिकाचा. मग पिंपं बोर्दोच्या शार्त्रों धक्क्यावरच्या त्याच्या तळघरांत यायची, तिथंच वाइन मुरायची, तिथंच बाटल्या भरल्या जायच्या. शातोचा मालक शेतकरी, व्यापारी हा खरा धनी. १९२४ मध्ये मुतोंचा कारभार पाहणाऱ्या तरुण बॅरन फिलिप द रोथशिल्डनं हे उलटवलं. आपली सगळी वाइन आपल्याच घरी बाटलीत भरायची, असं त्यानं ठरवलं. हळूहळू बाकीचे त्याच्या मागे गेले. पुढे ते मोठ्या शातोंना बंधनकारक झालं.

अब्रूच्या दृष्टीनं हे उत्तम झालं. पण आता दोन वर्षं माल घरात अडकून पडणार, त्याचे पैसे कुणी घालायचे? एका पिंपात २२५ लिटर वाइन मावते, म्हणजे ३०० बाटल्या. नवं ओकचं पिंप सातशे ते हजार युरोंना पडतं आणि मोठे शातो दरवर्षी शेकड्यांनी नवी पिंपं घेतात. पिंपातली वाइन उडत राहते म्हणून ती वरचेवर भरून काढायची. तीन-तीन महिन्यांनी गाळ खाली ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात घ्यायची. शेवटी ती नितळ व्हावी म्हणून पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालायचा. तो द्राक्षाच्या साली-बियांतून आलेल्या खरबरीत टॅनिनला धरून तळाशी बसतो. (उरलेल्या पिवळ्या बलकाचं काय करायचं यातूनच बोर्दोचा कॅनेले नावाचा खरपूस केक जन्मला, अशी तिथली दंतकथा आहे. खरी असो-नसो, केक उत्तम असतो.) एवढा सगळा खर्च, आणि माल विकायला दोन वर्षं. म्हणून शातोनं व्यापाऱ्याकडे आगाऊ पैसे मागितले, व्यापाऱ्यानं आयातदाराकडे, आणि साठ-सत्तरच्या दशकांनंतर आयातदारानं तुमच्या-आमच्याकडे.

म्हणजे आं प्रिमर हे नीट पाहिलं तर कर्ज आहे. गिऱ्हाईक शातोला दोन वर्षांसाठी पैसे उसने देतं. या कर्जाचं व्याज रोखीत मिळत नाही; ते मिळतं भावातल्या सवलतीत. बाटली बाजारात येईल तेव्हाच्या किमतीपेक्षा आज ती स्वस्त मिळाली, तर तेच व्याज. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढची पन्नास वर्षांची चढउतार आपोआप उलगडते.

पण त्याआधी त्या घोटाचं कोडं. सहा महिन्यांची वाइन चाखून तिसाव्या वर्षीची ती कशी असेल हे कळतं तरी कसं?

कोवळी बोर्दो तोंडात घेतली की जीभ आणि हिरड्या आवळून येतात, कच्चं केळं खाल्ल्यासारखं होतं. द्राक्षाच्या साली-बियांतली टॅनिनं लाळेतल्या प्रथिनांना पकडतात आणि लाळेचा निसरडेपणाच काढून घेतात. तोंड कोरडं पडल्याचा तो भास. चाखणारा पाहतो ते हे की या आवळण्याच्या पाठीमागे फळ आहे की नाही. टॅनिन ही वाइनची हाडं. हाडं भक्कम आणि अंगावर मांस नाही, तर म्हातारपणी नुसता सापळा उरणार. फळ भरपूर पण हाडं नाहीत, तर पाच-सात वर्षांत ढासळणार. आंबटपणा, मद्यार्क, फळ, टॅनिन ही सगळी एकमेकांना तोलून आहेत का, आणि गिळल्यावर (इथं थुंकल्यावर) चव किती वेळ रेंगाळते, हे तो मोजत असतो. पुढची वीस वर्षं बाटलीत टॅनिनं आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, त्यांच्या साखळ्या होतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटेसारखा होतो, आवळणं विरतं, आणि फळाच्या जागी देवदार, तंबाखू, ओल्या मातीचे वास येतात. जे आज आहे त्यावरून जे अजून तयारच झालेलं नाही ते ओळखायचं.

हे अवघड तर आहेच, शिवाय त्यात लबाडीलाही वाव आहे. एप्रिलमध्ये चाखायला मिळणारा नमुना शातोनंच काढून दिलेला असतो. तो कुठल्या पिंपातला? सगळी पिंपं सारखी नसतात. अंतिम मिश्रण तेच राहील का? नमुना आज सकाळी काढला की काल? पिंपातून काढलेली कोवळी वाइन एका दिवसातही मलूल होते. म्हणून प्रामाणिक समीक्षक या टप्प्यावर एक आकडा देत नाहीत. ९४ ते ९६ असा पल्ला देतात.

या खेळातला सर्वांत गाजलेला डाव १९८२ चा. त्या वर्षी बोर्दोत सगळं जुळून आलं. फुलोरा लवकर आणि एकसारखा, उन्हाळा कडक, सप्टेंबर तापलेला. पीक भरघोस आलं, आणि द्राक्षं अशी पिकली की वाइन पिंपातच गुळगुळीत, लुसलुशीत लागू लागली. जुन्या जाणकारांना हेच खटकलं. बोर्दो म्हणजे तरुणपणी कडवट, आडमुठी. ही इतकी गोड बोलणारी वाइन टिकेल कशी? त्या काळच्या काही नावाजलेल्या अमेरिकी समीक्षकांनी हात आखडता घेतला.

मेरीलँडमधला रॉबर्ट पार्कर नावाचा पस्तिशीचा वकील मात्र वेगळं बोलला. १९७८ पासून तो 'द वाइन अ‍ॅडव्होकेट' हे जाहिरातीविना चालणारं छोटं पत्रक काढत होता, आणि अमेरिकी शाळेत देतात तसे वाइनला शंभरपैकी गुण देत होता. १९८३ च्या वसंतात त्यानं पिंपांतून चाखलं आणि लिहिलं, की ही शतकातल्या मोठ्या वर्षांपैकी एक आहे, मिळेल तेवढी घ्या. डॉलर तेव्हा फ्रँकच्या तुलनेत तेजीत होता. अमेरिकी गिऱ्हाईक धावलं. लाफित, लातूर, मुतों यांची बारा बाटल्यांची पेटी लंडनमध्ये काहीशे पौंडांना मिळत होती. त्याच लाफित १९८२ च्या पेटीनं २०१०-११ च्या तेजीत तीस हजार पौंडांचा पल्ला ओलांडला. मुतों १९८२ ला पार्करनं पुढे पूर्ण शंभर गुण दिले. त्या बाटलीवरचं चित्र चित्रपट दिग्दर्शक जॉन ह्यूस्टनचं आहे. मुतोंच्या जवळजवळ प्रत्येक वर्षाला वेगळ्या कलावंताचं चित्र असतं.

१९८२ नं दोन गोष्टी रुजवल्या. एक, एका माणसाच्या जिभेवर साऱ्या बाजाराचा भाव ठरू शकतो. पुढची तीस वर्षं पार्करचे गुण आल्याशिवाय कित्येक शातो भावच जाहीर करत नसत. आणि दुसरी, आगाऊ घेतलं की श्रीमंत होतो. ही दुसरी समजूत जास्त महागात पडली.

जिभेच्या या सत्तेला अगदी अनपेक्षित बाजूनं धक्का बसला. प्रिन्स्टन विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर वाइनचे शौकीन. त्यांनी बोर्दोच्या जुन्या वर्षांचे हवामानाचे आकडे घेतले आणि मुरलेल्या वाइनचे लिलावातले भाव घेतले. दोन्ही शेजारी मांडल्यावर दिसलं ते थक्क करणारं होतं. हिवाळ्यात पाऊस किती पडला, एप्रिल ते सप्टेंबर सरासरी तापमान काय होतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात किती कोरडं गेलं, एवढ्या तीन आकड्यांत वाइनचं वय मिळवलं की वर्षावर्षांतल्या भावांतला बहुतेक फरक समजावून सांगता येतो. हिवाळ्याचा पाऊस जमिनीत साठतो, उन्हाळ्याची ऊब साखर आणि रंग पिकवते, आणि काढणीच्या तोंडावरचा पाऊस द्राक्षं फुगवून रस पातळ करतो. काढणीच्या तोंडावर पाऊस म्हणजे काय, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

म्हणजे एक थेंबही न चाखता, पर्जन्यमापक आणि तापमापक बघून भविष्य सांगता येतं! मार्च १९९० मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं ही बातमी पहिल्या पानावर छापली आणि वाइनच्या जगात संतापाची लाट उसळली. पार्करसह अनेकांनी अ‍ॅशेनफेल्टर यांची यथेच्छ खिल्ली उडवली. त्यांचं समीकरण म्हणत होतं, १९८९ असामान्य होणार. लगेच पुढं म्हणालं, १९९० त्याहून सरस. दोन्ही वर्षं खरोखरच गाजली. १९८६ बद्दल मात्र समीकरण फारसं उत्साही नव्हतं, आणि मेदोकमधल्या १९८६ ची कीर्ती आजही टिकून आहे. गणितालाही सगळं पचत नाही, हे बरंच आहे.

मला त्या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा कमी होते. हवामानाची माहिती सगळ्यांसमोर उघडी असूनही कोवळ्या वाइनचे सुरुवातीचे भाव तिला नीट जुमानत नाहीत. खराब हवामानाच्या वर्षांची वाइन सुरुवातीला जरा जास्तच भावानं विकली जाते आणि मुरता मुरता खाली येते. म्हणजे आगाऊ घेणारा सुमार वर्षांत हमखास जास्त मोजतो. वाट्याच्या त्या मेखीची इथं आठवण होते.

इतिहासही तेच सांगतो. १९७२ चं पीक गरीब होतं, पण आदल्या तेजीच्या धुंदीत ते विक्रमी भावानं गेलं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, व्याजदर चढले, गिऱ्हाईक गायब झालं. शार्त्रोंवरच्या पिढीजात व्यापारी घराण्यांची तळघरं न विकलेल्या मालानं भरली आणि काही घराणी बुडाली.

भाव फुगून कोसळण्याची तीच गोष्ट २००९ आणि २०१० या लागोपाठच्या दोन अप्रतिम वर्षांतही मोठ्या प्रमाणावर घडली. फेब्रुवारी २००८ मध्ये हाँगकाँगनं वाइनवरचा कर पूर्ण काढून टाकला आणि चिनी पैसा बोर्दोत वाहू लागला. चीनला सगळ्यांत आवडली लाफित. शातोनं २००८ च्या बाटलीच्या काचेवर चिनी लिपीतला लाल आठ कोरला, कारण आठ हा तिथला भाग्याचा आकडा. आणि नुसत्या त्या बातमीनं, वाइन तीच असताना, भाव उसळला. २०१० ची लाफित आं प्रिमरला लंडनमध्ये पेटीला दहा हजार पौंडांच्या वर निघाली. लोकांनी घेतली. मग चीनमध्ये सरकारी उधळपट्टीविरुद्ध मोहीम सुरू झाली, भेटवस्तू म्हणून जाणाऱ्या बाटल्या थांबल्या, आणि त्या पेट्या पुढे कित्येक वर्षं विकत घेतलेल्या भावाच्या खाली पडून राहिल्या. वाइन मात्र अत्युत्तम आहे. पार्करची जीभ चुकली नव्हती, हवामानही चुकलं नव्हतं. शातोनं व्याज द्यायचं थांबवलं होतं, एवढंच. उद्याचा सगळा नफा त्यानं आजच भावात घालून घेतला.

सगळ्या बोर्दोची ही श्रीमंती आहे असं मात्र समजू नये. आं प्रिमरनं विकले जातात ते काहीशे शातो. हजारो छोटे उत्पादक उत्पादनखर्चही सुटत नाही म्हणून टेकीला आलेत. अलीकडे तिथं वेली उपटून टाकायला हेक्टरी सहा हजार युरो मदत द्यावी लागली. त्याच खाडीच्या काठी, दोन-चार गावांच्या अंतरावर.

आगाऊ घेतलेली वाइन तुमच्या घरी लगेच येत नाही, ही आणखी एक नवलाची गोष्ट. इंग्लंडमधले बहुतेक गिऱ्हाईक ती 'बाँड'मध्ये, म्हणजे करबंद गोदामात ठेवतात. बाहेर काढेपर्यंत जकात आणि कर भरावा लागत नाही. अशा गोदामांतलं एक विल्टशायरमध्ये कॉर्शमजवळ आहे. ती दगडाची जुनी खाण आहे, जमिनीखाली सुमारे शंभर फूट. दुसऱ्या महायुद्धात तिथं दारूगोळा साठवत. आता त्याच अंधारात, वर्षभर एकसारख्या गारव्यात, लाकडी पेट्यांच्या रांगा आहेत. कित्येक पेट्यांचे तीन-चार मालक बदललेले असतात आणि पेटी जागची हललेली नसते. कागदावर जन्मलेली वाइन कागदावरच फिरत राहते.

या कागदी अवस्थेचा फायदा भामट्यांनी न घेतला तरच नवल. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीमधलं एक नावाजलेलं दुकान वर्षानुवर्षं 'येऊ घातलेली' वाइन भलत्याच स्वस्तात विकत होतं. त्यातली पुष्कळशी त्यानं कधी विकत घेतलीच नव्हती. नव्या गिऱ्हाइकाच्या पैशातून जुन्याची मागणी भागवायची, असा खेळ. २०१६ मध्ये दुकान दिवाळखोरीत गेलं, मालकानं न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि तुरुंगात गेला. आगाऊ पैसे देताना भाव जितका स्वस्त तितका संशय जास्त धरावा.

दुसऱ्या बाजूनं, आगाऊ घेण्यात एक गोष्ट अशी मिळते जी नंतर कितीही पैसे टाकून मिळत नाही: अखंड वंशावळ. शातोच्या तळघरातून थेट तुमच्या नावावर. रूडी कुर्नियावाननं कॅलिफोर्नियातल्या घरी बसून दुर्मिळ वाइनच्या खोट्या बाटल्या बनवल्या आणि बड्या लिलावांतून खपवल्या. २०१४ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हापासून जुनी बाटली घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो चवीचा नसतो, ती आजवर कुठे होती हा असतो. आणि एक गमतीचा फायदा: वाइन अजून पिंपातच असल्यामुळे तुम्ही बाटलीचा आकार सांगू शकता. दीड लिटरची मॅग्नम, तीन लिटरची दुहेरी मॅग्नम, सहा लिटरची अँपेरियाल. बाटली जितकी मोठी, तितकी वाइन सावकाश म्हातारी होते.

खुद्द शातोंनाही या रीतीचा कंटाळा आलेला दिसतो. एप्रिल २०१२ मध्ये लातूरनं जाहीर केलं, की यापुढे आपण आं प्रिमर विकणार नाही. वाइन तयार झाली, आम्हाला वाटलं, की काढू. तिचे मालक फ्रांस्वा पिनो हे फ्रान्समधल्या अतिधनाढ्यांपैकी एक. त्यांना कुणाच्या आगाऊ पैशांची गरज नाही. बाजारानं आधी नाक मुरडलं. पण लातूरनं २०१२ सालची वाइन आठ वर्षं आपल्याच तळघरात धरून ठेवली आणि २०२० मध्ये विक्रीला काढली. बाकीच्यांनी तितकी हिंमत केली नाही, पण भावाबाबत त्यांना शहाणपण शिकावं लागलं. महासाथीच्या वर्षी २०१९ ची वाइन बऱ्याच शातोंनी वीस-तीस टक्के उतरवून काढली आणि ती चटकन खपली. २०२३ च्या वाइनला लाफितनं जवळजवळ एक तृतीयांश कपात केली, तरी मागणी थंडच. कारण त्याच शातोची जुनी, बाटलीबंद, चाखून झालेली वर्षं बाजारात त्याच किंवा कमी भावानं मिळत होती. २०२४ च्या वेळी अनेकांनी भाव आणखी खाली आणले.

तेव्हा लंडनला किंवा सिंगापूरला असलेल्या, आणि हा नाद करून पाहावासा वाटणाऱ्या मराठी वाचकासाठी माझं मत असं. भाव जाहीर झाला की त्याच शातोच्या मागच्या चार-पाच चांगल्या वर्षांचे आजचे भाव शेजारी मांडा. नवी वाइन त्यांच्यापेक्षा ठळकपणे स्वस्त नसेल, तर तुमच्याकडे बिनव्याजी कर्ज मागितलं जातंय, देऊ नका. पोमरोलच्या एखाद्या चिमुकल्या मळ्याची वाइन पुढे मिळणारच नसेल, किंवा घरात जन्मलेल्या मुलाच्या वर्षाची मॅग्नम त्याच्या पंचविशीसाठी ठेवायची असेल, तर जुन्या, भरवशाच्या दुकानातून, पेटी तुमच्या नावानं बाँडमध्ये ठेवल्याचा कागद मागून, जरूर घ्या. बाकी सगळी बोर्दो बाटलीत भरून झाल्यावर, चाखून, सावकाशीनं घेता येते.